बेट कशाला म्हणायचं आणि खंड कशाला?



बेट म्हणजे काय, असं विचारलं तर आपल्यातल्या प्रत्येकीला उत्तर येतं. चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे बेट. चौथी-पाचवीतच पाठ केलंय आपण ते. पण गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत, हप्ते जमा करून झाल्यावर, एका ताईंनी विचारलं, “माझी पोरगी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलीय. ती म्हणते, आई, ऑस्ट्रेलियाच्या चारी बाजूंनी पाणीच आहे की. मग त्याला खंड का म्हणायचं? आणि ग्रीनलँडला बेट का?” बैठकीत पंधरा बाया होत्या. आमच्यातल्या दोघी-तिघींनी तर बी.ए.ला भूगोल घेतला होता. तरी पटकन उत्तर कुणालाच देता आलं नाही. म्हटलं, या प्रश्नाच्या मागे लागलंच पाहिजे. वाचलं, विचारलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न पोरीच्या परीक्षेपुरता नाही. आपल्या पायाखालच्या जमिनीचा आहे, मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांचा आहे, आणि कृष्णाकाठी माहेर असलेल्या प्रत्येकीचा आहे. म्हणून आज त्यावरच बोलू या.

आधी शब्द बघू. बेट हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. ओढ्याच्या कडेला कळकाचं असतं तेही बेटच. बाकीच्या झाडाझुडपांपासून वेगळं, आपापल्या जागी गच्च उभं राहिलेलं. आणि नदीतलं असतं तेही बेट. आपल्या भागातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं बेट म्हणजे वाळवा तालुक्यात बहे गावाजवळचं रामलिंग बेट. तिथं कृष्णेची धार दोन भागांत फुटते आणि पुढे जाऊन परत एक होते. मधे राहिलेल्या जमिनीवर रामलिंगाचं देऊळ आहे आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुतीही. प्रभू राम पूजेला बसले असताना नदी चढू लागली, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं, म्हणून नदी दुभंगली आणि गावाला बहे नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं जाऊन आल्या असतील. श्रावणात नदी भरली की त्या बेटाकडं जाणं अवघड होतं, आणि मग बेट म्हणजे काय हे पुस्तक न उघडताच कळतं.

दुसरा शब्द द्वीप. हा संस्कृत शब्द, दोन्हीकडे पाणी असलेलं ते द्वीप. आता गंमत बघा. घरी सत्यनारायण घातला की गुरुजी संकल्प सांगतात. त्यात आपल्या ठिकाणाचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात जंबुद्वीप असं नाव येतं आणि भरतखंड असंही येतं. म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या मते ही एवढी अफाट जमीनसुद्धा द्वीपच होती, आणि खंड हा त्या द्वीपाचा एक तुकडा होता. मोठं ते द्वीप, लहान तो खंड! आज शाळेत बरोबर उलटं शिकवतात. तेव्हा पोरगी गोंधळली तर तिचं काही चुकलं नाही. नावं माणसानं दिलेली असतात, आणि ती काळाप्रमाणे फिरतात.

आता आकार घेऊ. ग्रीनलँड हे जगातलं सगळ्यात मोठं बेट. क्षेत्रफळ साधारण २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर. ऑस्ट्रेलिया साधारण ७६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलँडच्या साडेतीन पट. मग सरळ सांगून मोकळं व्हायचं, ऑस्ट्रेलियापासून वरचे सगळे खंड आणि ग्रीनलँडपासून खालची सगळी बेटं. परीक्षेपुरतं हे उत्तर चालतं. पण ही रेघ कुणी आणि कशावरून मारली? एवढे चौरस किलोमीटर झाले की बेटाचा खंड होतो, असा नियम कुठंही लिहिलेला नाही.

याच्यात आणखी एक घोळ शाळेच्या भिंतीवरचा नकाशा करतो. बऱ्याच नकाशांत ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. पृथ्वी गोल, कागद सपाट. संत्र्याची साल सोलून पाटावर सपाट करायला गेलं तर ती कडेनं फाटते. फाटू द्यायची नसेल तर वरचा आणि खालचा भाग ताणावा लागतो. नकाशात उत्तरेकडचे देश असे ताणले गेलेत. म्हणून मुलांना जमलं तर एकदा पृथ्वीचा गोल दाखवा. बहुतेक शाळांच्या कपाटात असतो, बाहेर काढायला सांगावं लागतं एवढंच.

बरं, सगळ्या बाजूंनी पाणी असलं की बेट, असं म्हणावं तर अमेरिका काय आहे? तिच्याही भोवती समुद्रच आहे. युरोप आणि आशिया हे दोन खंड, पण त्यांच्यामध्ये समुद्र कुठं आहे? उरल डोंगराच्या ओळीवर माणसांनी ठरवलं की इकडचा युरोप, तिकडचा आशिया. जमीन सलग आहे. बांध घालून एकाच शेताचे दोन गट नंबर करावेत तसं. आफ्रिका आणि आशिया सुएझपाशी जमिनीनं जोडलेले होते. तिथं कालवा खणला आणि १८६९ साली तो सुरू झाला. आता आफ्रिकेच्या चारी बाजूंना पाणी आहे, म्हणून आफ्रिका काय बेट झाली? कुणी म्हणत नाही. म्हणजे पाण्यावरून ठरत नाही आणि नुसत्या आकारावरूनही ठरत नाही.

मग ठरतं कशावरून? मैत्रिणींनो, याचं निम्मं उत्तर आपल्याच तालुक्याशेजारी, जमिनीच्या पोटात सापडतं.

आपला आगाशिव डोंगर रोज डोळ्यांसमोर असतो. त्यातली लेणी ज्या काळ्या कातळात कोरलीत, तो कातळ म्हणजे बेसॉल्ट. विहीर खणताना सुरुंग लावायला लावतो तोच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा पसरला. जुन्या भुईवर दर सणाला शेणानं सारवावं आणि थरावर थर चढावेत, तसा. कोकणात जाताना कुंभार्ली घाटात डोंगराला ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर. आपला सगळा सह्याद्री या सारवणाचा आहे.

पण सारवणाखाली भुई असतेच ना? ती कसली आहे, हे बघायचं निमित्त कोयनेच्या भूकंपानं दिलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्या सासू-सासऱ्यांच्या पिढीला अजून आठवते. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून आजपर्यंत तिथं लहान-मोठे धक्के बसतच आहेत. हे धक्के का बसतात याचा अभ्यास करायला सरकारनं कराडजवळ हजारमाचीला एक संशोधन केंद्र काढलंय, आणि कोयनेच्या परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल बोअर घेतला. आपण शेतात दोनशे-तीनशे फूट बोअर घेतला तर पाणी लागेल का म्हणून जीव टांगणीला लागतो. हा तीन किलोमीटर! त्या बोअरमध्ये सव्वा किलोमीटरच्या आसपास नुसता काळा कातळच लागला. आणि त्याच्या खाली ग्रॅनाइट. आपण ओट्यावर बसवतो त्या जातीचा, ठिपक्याठिपक्यांचा दगड, अडीचशे कोटी वर्षांहून जुना.

हा ग्रॅनाइट म्हणजे खंडाची खूण आहे. पृथ्वीचं वरचं कवच दोन प्रकारचं असतं. एक समुद्राच्या तळाचं. ते बेसॉल्टचं, जड आणि पातळ, सहा-सात किलोमीटर जाडीचं. दुसरं खंडांचं. ते मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातीच्या दगडांचं, वजनाला हलकं पण जाड, पस्तीस-चाळीस किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. एकाच मापाचे दोन तुकडे घेतले तर काळा कातळ जड भरेल. रश्श्यावर तर्री कशी तरंगते? हलकी असते म्हणून ती खाली जात नाही. खंडाचं कवच असंच पृथ्वीच्या आतल्या जड थरावर उंच राहतं, म्हणून ते पाण्याच्या वर डोकं काढून असतं. आतला थर रश्श्यासारखा पातळ नाही बरं का, दगडच आहे तो, पण लाखो वर्षांत हळूहळू सरकणारा. समजून घेण्यापुरती तर्री लक्षात ठेवा.

आता ग्रीनलँडकडे बघा. त्याच्याही खाली जुना ग्रॅनाइटच आहे. पण तो उत्तर अमेरिकेच्या पायाचाच एक भाग आहे, मधल्या सखल जागेत समुद्र शिरला म्हणून वेगळा दिसतो. वाटणी न झालेल्या घराची ओसरी जशी. ऑस्ट्रेलियाचा पाया स्वतंत्र आहे, तो कुणाच्या घराची ओसरी नाही. श्रीलंका आपल्या बाबतीत ग्रीनलँडसारखीच. भारताचा आणि तिचा पाया एक, मधला समुद्र उथळ. म्हणून ती बेट.

पण स्वतंत्र पाया असला की खंड म्हणायचं, तर मग भारताला खंड का म्हणत नाहीत? हा प्रश्न आमच्या बैठकीत लगेच आला, आणि तो अगदी रास्त आहे. भारताचा पाया स्वतंत्रच होता. आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण, असं सगळं एकत्र कुटुंब होतं. ते फुटत गेलं. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून आपण वेगळे झालो आणि समुद्रातून एकटेच उत्तरेकडं निघालो. त्या काळात भारत हे एक भलंमोठं बेटच होतं. आपला काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला, तो याच प्रवासात वर आला. मग साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आपण आशियाला जाऊन धडकलो आणि त्या धडकेत हिमालय उचलला गेला. अजूनही आपण वर ढकलतोच आहोत, वर्षाला चार-पाच सेंटीमीटर, साधारण नखं वाढतात तेवढं. नवरीनं सासरी जावं आणि माहेरचं आडनाव मागं पडावं, तसं आपलं वेगळं नाव आशियात मिसळून गेलं. तरी थोडा मान ठेवलाय, उपखंड म्हणतात.

उलटं उदाहरणही आहे. न्यूझीलंड म्हणजे आपल्या दृष्टीनं समुद्रातली दोन मोठी बेटं आणि थोडी लहान. पण त्यांच्याखाली आणि आजूबाजूला समुद्रात ग्रॅनाइटच्या जातीचं कवच पसरलंय, तब्बल ४९ लाख चौरस किलोमीटर. त्यातला ९४ टक्के भाग पाण्याखाली. २०१७ साली शास्त्रज्ञांनी मांडलं की हा बुडालेला खंडच आहे, त्याला झीलँडिया म्हणा. शाळेच्या पुस्तकात अजून सातच खंड आहेत. परीक्षेत सातच लिहायला सांगा, उगीच मार्क जातील.

थोडक्यात बेटं तऱ्हेतऱ्हेची. काही खंडाचेच तुकडे. काही समुद्राच्या तळातून लाव्हा वर येऊन झालेली. आणि काही पोवळ्यांची, म्हणजे बारीक जिवांच्या सांगाड्यांवर सांगाडे साचून झालेली. आपलं लक्षद्वीप असं आहे. तिथली सगळी बेटं मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर. खाली सगळीकडं खारं पाणी आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो. जास्त उपसा केला की खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. मलकापूरला चोवीस तास पाण्याच्या योजनेत घरोघर मीटर लागले तेव्हा किती वादावादी झाली होती! बेटावरच्या बाईला मीटरची गरजच नाही. तिच्या विहिरीचं पाणी जिभेला लागलं की तिला हिशेब कळतो.

लाव्ह्याच्या बेटाचं एक उदाहरण मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं आपली माणसं आहेत. मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. देशाचं सगळं क्षेत्रफळ साधारण २,०४० चौरस किलोमीटर. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा सगळा देश. इंग्रजांना तिथं उसाच्या शेतीसाठी मजूर हवे होते. १८३४ पासून करार करून हिंदुस्थानातून माणसं नेली. बिहारमधून, मद्रासकडून, आणि मुंबई बंदरातून मराठी माणसंही. कोकणातली आणि घाटावरचीही. त्यांच्या पोरानातवंडांची वस्ती तिथं आजही आहे. मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

त्या बायांनी तिथं उतरून काय पाहिलं असेल? काळा कातळ! आपल्यासारखाच. लाव्ह्याचं बेट ते. ऊस लावायचा तर आधी शेतातले दगड वेचायचे. वेचलेल्या दगडांचे ढीग आजही तिथं उसाच्या फडात मधेमधे उभे आहेत. आपल्याकडं दगडांच्या ताली घातल्या, तिथं रास केली. ज्या हातांनी ते दगड उचलले, त्यांत बायांचे किती होते, याची नोंद कुणी डोंगराएवढी करून ठेवली नाही. पण आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडावर ज्यांनी पहाटे मोळ्या बांधल्यात, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

आणि शास्त्रज्ञांना याच मॉरिशसमध्ये एक नवल सापडलं. बेट तसं तरुण, ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं. दगडांच्या हिशेबात काल-परवाचं. पण तिथल्या लाव्ह्याच्या दगडात जिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण मिळाले, ते निघाले तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुने. तरुण बेटात एवढे म्हातारे कण आले कुठून? २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं, की मॉरिशसच्या खाली खंडाचा एक जुना तुकडा गाडला गेलाय. भारत आणि मादागास्कर वेगळे झाले तेव्हा मधे राहून गेलेला. म्हणजे आपल्या माणसांनी बोटीतून हजारो मैल जाऊन ज्या परक्या जमिनीवर पाय ठेवला, तिच्या पोटात एकत्र कुटुंबाच्या वेळचा जुना चौथरा होताच.

बेटाची आणखी एक गोष्ट मॉरिशसच सांगतं. तिथं डोडो नावाचा पक्षी होता, टर्कीपेक्षा मोठा, उडता न येणारा. शिकारी जनावरच नव्हतं, तर उडायचं कशाला? अंडी जमिनीवरच घालायचा. १५९८ ला डच लोक आले. त्यांच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. खंडावर जनावरावर संकट आलं तर ते डोंगरापलीकडं पळून जाऊ शकतं. बेटावर पलीकडं नसतंच. आम्हाला विचाराल तर बेट आणि खंड यांतला खरा फरक हाच. दगडाचा फरक शास्त्रज्ञांचा झाला, पण राहणाऱ्याच्या दृष्टीनं बघितलं तर बेटावरून निघून जायला वाट नसते आणि संपलेली वस्तू शेजारून आणता येत नाही.

आता मुंबईकडे वळू. आपल्या पाटण, कराड, खटाव, शिराळ्याकडची किती घरं परळ-लालबागच्या गिरण्यांवर चालली! कुणाचे वडील, कुणाचे चुलते. त्यांना विचारा, तुम्ही बेटावर राहत होता का? हसतील. पण मुंबई ही सात बेटं होती. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा, ज्याला इंग्रज म्हातारीचं बेट म्हणायचे. भरतीला मधे पाणी, ओहोटीला चिखल. अठराव्या शतकात वरळीपाशी बांध घालून समुद्र अडवला आणि मग टेकड्या फोडून, माती-दगड टाकून हळूहळू सातांचं एक झालं. उत्तरेला साष्टी हे मोठं बेट राहिलं, तेही पुढे जोडलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीही होती, तेव्हा सखल भागात राहणाऱ्यांना जुन्या खाड्या कुठं होत्या ते कळलं.

या जोडाजोडीतली एक बाई आपल्याला माहीत असायला हवी. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. लोक नावेतून ये-जा करायचे. १८४१ मध्ये तिथं नावा उलटून माणसं बुडाली. पूल बांधा म्हणून मागणी झाली, सरकार म्हणालं पैसे नाहीत. तेव्हा आवाबाई जमशेटजी जीजीभॉय या पारशी बाईंनी दीड लाखाच्या वर रुपये दिले. त्या काळातले दीड लाख! अट एकच घातली, या वाटेवरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा तो रस्ता खुला झाला. आजही मुंबईत माहीम कॉजवेवरून रोज गाड्या जातात. महामार्गावर टोलनाक्याला पैसे मोजताना आम्हाला आवाबाईंची हटकून आठवण येते.

नाव उलटून माणसं बुडाल्याची गोष्ट आपल्यासाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची नाही, मैत्रिणींनो. ऑगस्ट २०१९. कोयना धरण १०५ टीएमसीचं. ते भरत आलेलं, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात पाऊस थांबेना. सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या कितीतरी गावांची बेटं झाली. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ कृष्णा आणि येरळेच्या संगमावर. दोन्ही नद्या चढल्या आणि बाहेर पडायची वाट बंद. ८ ऑगस्टला माणसं नावेत बसून निघाली. नावेत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं. नाव उलटली. गेलेल्यांत बाया आणि लेकरं होती.

आमच्या गटातल्या एकीचं माहेर त्याच पट्ट्यातल्या एका गावात आहे. तिची आई त्या वेळी पाच दिवस शेजारच्या स्लॅबवर होती, सोबत दोन शेळ्या आणि तांदळाचा डबा. ती सांगते, चौथ्या दिवशी भूक नाही, तहान जास्त लागली होती. चहूकडं पाणी आणि प्यायला पाणी नाही. आणि म्हैस खुंट्यालाच राहिली, ते तिला अजून बोलवत नाही. भूगोलाच्या पुस्तकातली बेटं कोट्यवधी वर्षं टिकतात. आपल्या गावाचं बेट आठ-दहा दिवसांचं असतं, पण त्या दिवसांत बेटाचे सगळे कायदे लागू होतात. जे आत आहे तेवढंच. पलीकडं काही नाही.

म्हणून आता आमच्या ग्रामसंघानं काय ठरवलंय ते सांगतो, तुमच्या गावाला जमेल तसं घ्या. जूनच्या बैठकीतच नदीकाठच्या प्रत्येक वस्तीतली यादी करायची. कुणाला सातवा-आठवा महिना आहे, कुणी अंथरुणावर आहे, कुणाला साखरेचं इंजेक्शन लागतं, कुणाला डायलिसिस. धरणातून विसर्ग वाढवला असं जाहीर झालं, की या माणसांना आधी हलवायचं, पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघायची नाही. गरोदर बाईला सासूबाई सोडत नसतील, तर दोघी-तिघींनी घरी जाऊन बसायचं. हे आम्ही केलंय आणि आतापर्यंत तरी कुणी चहा दिल्याशिवाय परत पाठवलेलं नाही.

जनावरं दुसऱ्या फेरीत. त्यांचा दावा सोडून ठेवायचा किंवा वरच्या अंगाला पाहुण्यांकडं आधीच नेऊन बांधायची. चार दिवसांची वैरण तिकडं पोचती करायची, नाहीतर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, मागून बोलतात.

पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन भरून माळ्यावर. मेडिक्लोरची बाटली आशाताईंकडून आधीच मागून ठेवायची, तुरटीचा खडा जवळ असू द्यायचा. गटाचं इतिवृत्त, पासबुकं, कर्जाची वही, घराचा उतारा, आधार, रेशनकार्ड हे सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची. ती पिशवी अध्यक्षांच्या घरी नाही, गावात ज्यांचं घर सगळ्यात उंचावर आहे त्यांच्याकडं. २०१९ नंतर पंचनाम्याच्या वेळी ज्यांच्याकडं कागद होते आणि ज्यांचे वाहून गेले, त्यांच्यातला फरक आपण सगळ्यांनी पाहिलाय.

आणि नाव. बसायची वेळ आलीच तर डोकी मोजायची. नावाड्याला विचारायचं, किती झेपतील? तो दहा म्हणाला की अकराव्या माणसानं पुढच्या खेपेला. मग तो सरपंच असो नाहीतर कुणाचा जावई. लाइफ जॅकेट आधी लेकरांना आणि लुगडं-साडी नेसलेल्या बायांना. साडी भिजली की पायात गुंतते, पोहता येणारीलाही हात मारता येत नाही. म्हणून जमत असेल तर नावेत बसताना गाऊन किंवा ड्रेस घालायचा. याला कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

यंदाची वस्त्यांची यादी जूनच्या दुसऱ्या बैठकीत वाचली जाईल. ज्यांचं नाव राहिलं असेल, त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडं सांगायचं. माहेर पूरपट्ट्यात असेल तर माहेरच्या गटाचा फोन नंबरही आणायचा, तोही वहीत लिहून घेतोय.